साक्षीचं पाणी

लाँड्रीच्या मागच्या अंगणात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून माणसं उभी होती. काही जण पाण्याच्या टाकीवर चढले होते, आणि ज्यांना चढता येत नव्हतं ते चढलेल्यांना "काय दिसतंय?" असं विचारून भंडावून सोडत होते. दिसत होतं ते इतकंच: मधोमध एक खुर्ची, खुर्चीत कडक पांढऱ्या सदऱ्यातले साक्षीबाबा, आणि समोर स्टुलावर काचेचं मोठं भांडं. भांड्यातल्या पाण्याचा रंग फिकट चहासारखा होता.

"पाणी सगळं पाहतं!" बाबा म्हणाले. "आणि पाहिलेलं पाणी कधीही विसरत नाही!"

अंगणातून "खरंय, खरंय" अशी कुजबुज उठली. पाण्याला खरोखर स्मरणशक्ती असती तर गावातल्या गटाराएवढा मोठा इतिहासकार दुसरा नसता, पण हे त्या गर्दीत कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलायची कुणाची छाती झाली नसती.

आत, खळीच्या पातेल्यापाशी उभी असलेली खळमावशी हे सगळं ऐकत होती. कपड्यांना खळ देण्याचं काम ती चौदा वर्षं करत होती, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. कोपरापर्यंत हात खळीत, बोटांच्या पेरांत खळ, नखांत खळ. घरी भाकरी मोडतानाही तिची लेक म्हणायची, "आई, तुझ्या हाताला अजून वास येतोय."

अकरा वर्षांपूर्वी याच लाँड्रीच्या काउंटरवर बसणारी मुलगी एका संध्याकाळी नाहीशी झाली होती. तिची पिशवी काउंटरखाली तशीच होती, जेवणाचा डबा धुऊन पालथा घातलेला होता, आणि पुढचं दार सताड उघडं. चिठ्ठी नाही, झटापट नाही, मागमूस नाही. पोलिसांनी महिनाभर शोधलं आणि फाईल बंद केली. गावाने मात्र ती बंद केली नाही. न सुटलेल्या कोड्यावर माणसं पोटच्या पोरासारखी माया करतात. न्हाव्याच्या म्हणण्याप्रमाणे तिला बॉयलरमध्ये जाळलं होतं. पोस्टमनच्या मेहुण्याने तिला दूरच्या शहरात काळा चष्मा लावून फिरताना पाहिलं होतं. चादरींच्या मागे पांढरी आकृती दिसते, असं तर अर्धं गाव सांगायचं. प्रत्येकाकडे उत्तर होतं. नव्हतं ते फक्त त्या मुलीच्या आईकडे.

त्या आईच्याच घरी बाबा अकरा दिवस मुक्काम ठोकून होते. न सुटलेले गुन्हे सोडवणारे म्हणून त्यांची चित्रफीत गावातल्या प्रत्येक फोनवर फिरली होती. म्हातारीने त्यांना माजघर दिलं, स्वतः व्हरांड्यात झोपली. लेकीचं काय झालं ते कळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"रांगेत या!" बाबांनी हुकूम सोडला. "आधी नळावर हात स्वच्छ धुवा. अपवित्र हात पाण्याला चालत नाही."

मालकांनी हात धुतले, भांड्यात बुडवले. काही झालं नाही. इस्त्रीवाल्याने, दोन्ही धोबिणींनी, सायकलवरून कपडे पोचवणाऱ्या म्हाताऱ्याने हात बुडवले. काही झालं नाही. मग बाबांनी डोळे मिटले, मान डोलवली आणि एकदम ओरडले, "आत कोण लपलंय? आहे तशी बाहेर आणा! क्षणभरही थांबू देऊ नका!"

दोघींनी दंडाला धरून खळमावशीला बाहेर आणलं. ती नळाकडे वळली तर बाबा गरजले, "नाही! हिचं पाप पाण्याने धुतलं जाणार नाही!" आणि त्यांनी स्वतः तिची मनगटं धरून हात भांड्यात दाबले.

हात निळे झाले. पाहता पाहता निळ्याचे काळे झाले. मनगटापासून नखांपर्यंत, जणू कुणी शाईच्या दौतीत बुडवून काढावेत तसे.

खळमावशीने हात झटक्याने बाहेर ओढले. पाणी चहूकडे उडालं, मागच्या दोरीवरच्या कपड्यांवरही उडालं. बायका किंचाळून मागे सरल्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"शेवटची तिच्याबरोबर हीच होती ना त्या दिवशी?"

"तरीच अकरा वर्षं तोंडाला कुलूप!"

बाबांनी हात वर केला. "परवा दुपारी बारापर्यंत मुदत देतो. कुठे पुरलंस ते सांग. नाही सांगितलंस, तर पाणी तुझ्या घरातल्यांचेही हात तपासेल."

त्या मुलीची आई गर्दीतून पुढे आली. तिने खळमावशीला ना मारलं, ना शिवी दिली. तिच्यासमोर हात जोडून एवढंच म्हणाली, "सांग गं बाई. मी तुझं काही वाकडं करणार नाही. हाडं तरी दे."

घरी येऊन खळमावशीने ऊन पाण्याने हात घासले. डाग गेला, भीती गेली नाही. संध्याकाळी दारावर पहिला दगड आला. शेजारणीने दोन घरांच्या मध्ये बांधलेली कपड्यांची दोरी सोडून घेतली आणि आपले कपडे दुसरीकडे वाळत घातले. चौदा वर्षांची लेक कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आई, तू नाही ना काही केलंस?"

"नाही गं."

"मग हात का काळे झाले?"

तिने हात पदराआड घेतले. आणि खरी भीती इथेच होती. खळमावशीने खून केला नव्हता, पण ती खोटं बोलली होती. त्या दिवशी ही लेक तीन वर्षांची, तापाने फणफणलेली. शेजारीण बोलवायला आली तेव्हा साडेपाच वाजले होते. सहाच्या आधी जागा सोडली तर मालक कामावरून काढून टाकतील, म्हणून ती घुटमळली, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "जा तुम्ही मावशी, मी बघते." मावशी गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हा मालक शेजारीच उभे होते. ती म्हणाली, "आम्ही दोघी सहाला बरोबरच निघालो. मी डावीकडे, ती उजवीकडे."

एवढंच. पण एवढंसं खोटं अकरा वर्षं तिच्या घशात अडकून होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिला वाटलं, पाण्याला हेच दिसलं असेल. मी थांबले असते तर ती वाचली असती. मग मीच तिला मारलं, असंच नाही का झालं? कबूल करून टाकावं, लेकीचे हात तरी वाचतील, इथपर्यंत तिचं मन गेलं.

सकाळी इस्त्रीवाला दारात उभा राहिला. आत यायला तो घाबरत होता, पण आला होता हे विशेष. "मालकांनी कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. त्याने काखेतलं पुडकं पुढे केलं. "आणि हा डॉक्टरीणबाईंचा कोट. काल तुझ्या हातून पाणी उडालं, त्याने खराब झाला. तूच नेऊन दे आणि माफी माग. मी नाही बाबा त्यांच्या तोंडी लागत."

तो गेल्यावर तिने कोट पसरला. सवयीने आधी कॉलर पाहिली, मग कफ. कॉलरवर निळे ठिपके होते, कफांवर निळे ठिपके होते. पाठीवर आणि घेरावर मात्र ठिपक्यांच्या जागी नुसते पुसट पिवळे डाग.

ती बघतच राहिली. पाणी एकच, उडालं एकाच वेळी. मग इथे निळं आणि तिथे पिवळं कसं?

डॉक्टरीणबाईंना पाठ मऊ लागायची. त्यांच्या कोटाच्या फक्त कॉलरला आणि कफांना खळ द्यायची, हे गावात खळमावशीला एकटीला ठाऊक होतं, कारण ती खळ तिनेच दिली होती.

लाँड्रीतलं खळीचं पातेलं तिच्या डोळ्यांसमोर आलं, मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांनी हात धुतले होते. धुऊ दिले नव्हते ते फक्त तिचे.

ती तशीच उठली, लेकीला बरोबर घेतलं आणि दवाखान्याकडे चालू लागली. रस्त्यात लोक बाजूला होत होते. कोट तिने छातीशी घट्ट धरला होता.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. कोट पाहून त्या म्हणाल्या, "मावशी, माझ्या कोटाने कुणाचा खून केला म्हणे?" पण खळमावशीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कपाटातून तपकिरी बाटली काढली, वाटीतल्या पाण्यात चार थेंब टाकले. पाणी फिकट चहासारखं झालं. एका कफाचा डाग न पडलेला भाग त्यांनी वाटीत बुडवला. कफ निळाकाळा झाला.

"आयोडीन," त्या म्हणाल्या. "जखमेला लावतो ते. स्टार्चला लागलं की निळं होतं. खळ म्हणजे स्टार्चच. बटाट्यावर टाका, भातावर टाका, असंच होईल. शाळेत शिकवतात हे."

"मला शिकवलं होतं," लेक हळूच म्हणाली. "पण आईच्या हाताला बघून आठवलंच नाही."

"भीती वाटली की शिकलेलं पहिलं पळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी अंगणात आदल्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी. आता दोन हवालदारही आले होते, बंदोबस्ताला की बघायला, हे त्यांनाच माहीत. डॉक्टरीणबाईंनी नळावर हात धुतले, मग आत जाऊन खळीत बुडवून आणले आणि सरळ भांड्यात घातले. हात निळेकाळे झाले. "अकरा वर्षांपूर्वी मी या गावात नव्हते," त्या ठणकावून म्हणाल्या. "मग मी कुणाला मारलं? हे आयोडीन आहे!"

माना डॉक्टरीणबाईंकडून बाबांकडे वळल्या. पण बाबा मुरलेले गडी होते. ते मंद हसले. "पाहा! पाण्याने डॉक्टरांनाही सोडलं नाही. यांच्या हाताखाली किती रोगी दगावले, विचारा त्यांना!"

गर्दी चक्क हलली. दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या. आता संपलं, असं खळमावशीला वाटलं. तिच्या मागे लेक उभी होती, आणि बाबांचं बोट लेकीकडे वळत होतं. "आता या मुलीला पुढे आणा."

तेव्हा खळमावशी पुढे झाली. तिने दोन्ही हातांनी ते जड भांडं उचललं आणि सगळंच्या सगळं पाणी साक्षीबाबांच्या अंगावर ओतलं.

पांढराशुभ्र सदरा गळ्यापासून निळा होत गेला. कॉलर, छाती, बाह्या, कफ. बाबा निळेकाळे होऊन खुर्चीत बसले होते आणि नाकावरून पाणी गळत होतं.

"सोमवारी हा सदरा लाँड्रीत कुणी दिला होता?" खळमावशीचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "'कडक खळ द्या, कागदासारखी,' असं पातेल्यापाशी येऊन तुम्हीच सांगितलंत. माझे हात तेव्हाच बघून ठेवलेत. आता सांगा महाराज, तुम्ही कुठे पुरलंत तिला?"

आधी टाकीवरचा कुणीतरी फिसकन हसला. मग सगळं अंगण हसलं, त्यात परवा दगड मारणाऱ्यांचा आवाज सगळ्यात मोठा. बाबा उठून दाराकडे सरकला तेव्हा हवालदारांना एकदम कर्तव्याची आठवण झाली आणि त्यांनी त्याला दोन्हीकडून धरलं.

हसली नाही ती फक्त म्हातारी. गोंगाट ओसरल्यावर तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "ते खोटं होतं, समजलं. मग माझी मुलगी कुठे आहे?"

न्हाव्याला बॉयलर आठवला नाही, पोस्टमनच्या मेहुण्याला काळा चष्मा आठवला नाही.

खळमावशी सुटली होती. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. समोर मालक उभे होते. तिने एकदा लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माहीत नाही, आई. मला खरंच माहीत नाही. पण जे माहीत आहे ते मी खोटं सांगितलं होतं. त्या दिवशी आम्ही सहाला बरोबर निघालो नाही. माझी पोर तापली होती, मी साडेपाचलाच गेले. ती इथे एकटी होती. डावीकडे गेली का उजवीकडे, मी बघितलेलं नाही. कामावरून काढतील या भीतीने मी बोलले नाही."

म्हातारी दोन पावलं पुढे आली. "अर्धा तास," ती म्हणाली. "सगळ्यांनी सहानंतर शोधलं. त्या अर्ध्या तासाचं कुणी विचारलंच नाही."

न सुटलेलं कोडं टोचत राहतं, हे खरं. पण ते टोचणं सहन होत नाही म्हणून पहिलं मिळेल ते उत्तर गळ्यात बांधून घेतलं, की बळी जातो तो एखाद्या गरिबाचा, आणि खरा शोध तिथेच थांबतो. 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटू नये. चमत्कार करणाऱ्याला आधी एवढंच विचारावं: माझे हात का धुऊ दिले नाहीस?

म्हातारी मोठ्या हवालदाराकडे वळली. "वही आहे का तुमच्याजवळ?"

त्याने खिसे चाचपून वही काढली. म्हातारीने खळमावशीचा हात धरून तिला त्याच्यासमोर आणलं आणि शेजारी उभी राहिली.

"सांग बाई," ती म्हणाली. "साडेपाचपासून सांग."