सवलतीतलं विमान

आमचं विमान उडता उडता आखूड होत जाणार होतं. कंपनीच्या माणसानं ते आधीच सांगितलं होतं, त्यामुळं पुढं जे झालं त्यात फसवणूक काही नव्हती. मी तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही. मग अख्खं विमान भाड्यानं घेताना गप्प कसा बसणार? मी घासाघीस सुरू केली. तो टायवाला माणूस शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग सवलतीतलं घ्या. निघताना पूर्ण असतं. वाटेत शेपटाकडून कमी होत येतं."

"पोहोचतं का पण?"

"पोहोचतं की."

द्राक्षं वाळली की त्यांचं किती उरतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी विमान ठरवून टाकलं.

केतकीचं, माझ्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर होतं. मुलगा आपला इचलकरंजीचाच, पण नोकरी तिथल्या बंदरात. त्याला रजा मिळेना, म्हणून मांडव तिकडंच पडला. केतकी आधीच जाऊन बसली होती. रोजची विमानं त्या बेटावर उतरत नाहीत, आणि मुहूर्त होता गोरज, म्हणजे दिवस मावळतानाचा. ती रोज फोन करून एकच वाक्य म्हणायची. "पप्पा, तुम्ही आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. मुहूर्त टळला तर टळू दे."

ती असं का म्हणते ते मला कळत होतं. तिची आई, विजयमाला, साध्या तापानं गेली, तेव्हा केतकी पुण्याला परीक्षेला होती आणि तिला वेळेत पोहोचता आलं नाही. तेव्हापासून कुणाला यायला जरा उशीर झाला तरी पोरीचे हातपाय गार पडतात. म्हणून मला काहीही करून सूर्याच्या आधी पोहोचायचं होतं.

निघणारे आम्ही तिघं. मी, दिनकर आणि गुरुजी. दिनकर हा माझा मेहुणा, म्हणजे केतकीचा मामा, आणि मामा मागं उभा राहिल्याशिवाय नवरी अंतरपाटापुढं येत नाही. गुरुजी आमच्या गल्लीतलेच, नाकात बोलणारे, पण मंगलाष्टकं खणखणीत म्हणणारे. आम्ही विमानतळाच्या दारात पोहोचलो आणि पोचवायला आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, आम्हाला अडवलं.

"तिघंच निघालाय व्हय? तीन तिगाडा, काम बिगाडा. थांबा जरा."

तिनं चंचीतून एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही चौथी."

आमच्याकडं सगळेच असं करतात. तिघांनी कामाला निघायचं नसतं, म्हणून सुपारीला माणूस धरायचं आणि बरोबर घ्यायचं. मी ती खिशात टाकणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "शेठ, कन्यादानाच्या वेळी वहिनींच्या जागी कमरेला खोचायला एक सुपारी लागेल. आणखी एक मागून घ्या आक्कांकडून."

"एकीत भागतंय की," मी म्हणालो. "प्रवासाला हीच, विधीला हीच."

"एकीला दोन माणसं नसतात धरत."

"दोन कुठं? चौथं माणूस म्हणजे विजयमालाच, असं धरा. आली असती तर चौथी तीच होती."

गुरुजींनी तोंड वाकडं केलं. आक्काची चंची तोवर मिटली होती.

विमानातल्या मुलीनं सुपारी माझ्या हातातून घेतली, खिडकीशेजारच्या खुर्चीत ठेवली आणि पट्टा आवळून बांधला. "मॅडमना पाणी आत्ता देऊ की वर गेल्यावर?" तिनं विचारलं.

"वर गेल्यावर," मी म्हणालो. उगीच वाद कशाला घालायचा?

किनारा मागं पडला आणि गुरुजी मागच्या बाजूला लघवीला गेले. लगेच परत आले. "तिथं आता आभाळ आहे," असं म्हणून ते खाली बसले आणि पाय आवळून राहिले. मी मागं वळून बघितलं. मागची भिंत होती तशीच स्वच्छ, गोल, दिवा लावलेली होती, फक्त जवळ आली होती. रुखवताची खोकी तिच्यापुढं सरकत सरकत आमच्या पायांशी येऊन थांबली. वरच्या खोक्यातले करंज्यांचे डबे कण्हत होते.

मला बसवेना. मी उठायचो, पुढं जायचो, वैमानिकाच्या दाराला कान लावायचो, परत यायचो. सूर्य त्या दाराच्या काचेत होता, आमच्यापुढं पळत होता. तो जरा खाली गेला की मी पुन्हा उठायचो.

"बसा की दाजी," दिनकर म्हणाला. "तुम्ही उभं राहिलासा म्हणून इमान पळतंय व्हय?"

"तू तुझं बघ."

"माझं काय बघायचंय? माझ्या पाठीला भिंत लागलीया."

खरंच लागली होती. पण आधी पाळी गुरुजींची आली. त्यांची खुर्ची भिंतीत गेली तेव्हा ते माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन टेकले. वैमानिक बाहेर आला. त्यानं टोपी काढून काखेत धरली होती. "ज्याला खुर्ची उरत नाही त्याच्याऐवजी सुपारी चालते," तो म्हणाला. "सुरुवात तुम्हीच केलीत."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत 'सांगितलं होतं' एवढं एकच वाक्य होतं. "मला कोरडं खिशात टाकू नका," ते म्हणाले. "तांदळावर ठेवा. आणि वरची बाजू वर असू द्या."

मी खाली वाकून अक्षतांची पिशवी उघडली. मान वर केली तेव्हा खुर्चीच्या हातावर सुपारी होती. मी ती अक्षतांत ठेवली. वरची बाजू कुठली ते मला कळलं नाही.

त्याच वेळी विमानातली मुलगी खिडकीशेजारचा पट्टा सैल करत होती. तिथला पाण्याचा पेला रिकामा झाला होता. खुर्चीच्या गादीला खोल खळगा पडला होता आणि खिडकीच्या काचेवर कुणाच्या तरी श्वासाची वाफ येत होती, जात होती. मी दुसरीकडं बघत राहिलो. आधी दिनकर बोलला.

"ताई?"

"दिनू, किती वाळलास रे," विजयमाला म्हणाली. "जेवतोस का नाही वेळंवर?"

तिनं आंबा रंगाचं इरकल नेसलं होतं, केतकीच्या लग्नाला म्हणून घेऊन ठेवलेलं. केस तापात कापले होते तसेच, आखूड होते. दिनकर ओक्साबोक्शी रडला, एवढा मोठा बाप्या. मला वाटलं, आता उतरूच नये. लगेच दुसरं वाटलं, लवकर उतरावं, हिला पोरीला दाखवावं. ही दोन्ही एकदम वाटत होती आणि मी पुन्हा उठून उभा राहिलो.

"बसा वो," ती म्हणाली. "अजून तुमचं ते उठबस गेलं न्हाई."

भिंत दिनकरच्या खुर्चीला लागली. त्यानं फारशी कुरकुर केली नाही. "ताई आलीया न्हवं? मग मी येतो हळूहळू मागनं," असं म्हणून त्यानं चष्मा काढून माझ्याकडं दिला. चष्म्याच्या पाठोपाठ माझ्या तळहातावर सुपारी आली, अजून कोमट. मी दोन्ही सदऱ्याच्या खिशात ठेवली.

आता विमानात दोन खुर्च्या होत्या आणि आमच्या दोघांच्या गुडघ्यांपुढं वैमानिकाचं दार. विमानातली मुलगी कुठं गेली ते बघायला मागं जागाच नव्हती, तिचा आवाज मात्र येत होता. फोन वाजला.

"पप्पा, कुठवर आलात?"

"आलोच."

"सूर्य खाली चाललाय. भटजी नाहीत, मामा नाही, सगळे माझ्याकडं बघतायत. तुम्ही येताय ना? नक्की?"

"येतोय गं, बाळा."

विजयमालानं हात पुढं केला. मी फोन मधे धरला. ती नुसती ऐकत राहिली, केतकीनं फोन ठेवल्यावरही कान लावून बसली. "आवाज माझ्यावर गेलाय," ती म्हणाली.

मग विमानातल्या मुलीचा आवाज आला. "आता एकच खुर्ची राहील. कोण बसणार?"

विचार करायचं खरं तर काही कारण नव्हतं. ती सुपारी होती, माझ्या कमरेला खोचायची होती, ठरलंच होतं तसं. मी ते बोलूनही दाखवलं. "विजयमाला, तुला माझ्या कमरेला यायचंय. गुरुजींनीच सांगितलंय."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी जायच्या दिवशी दाराकडं तोंड करून झोपवा म्हणाले होते, आठवतंय? ती आली तर दिसावी म्हणून. मला तिला बघायचंय वो."

"मलाही बघायचंय. ती माझ्यासाठी थांबलीय."

"व्हय. तुमच्यासाठीच थांबलीय."

भिंत आमच्या दोघांच्या पाठींना एकदमच लागली, आणि खुर्च्या एकमेकींत शिरायला लागल्या. तिनं पदर काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आमच्या बाजारात पूर्वी सौदा असाच व्हायचा. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा, बाहेर कुणाला काही कळत नाही. लग्नानंतर घर भरलेलं असायचं, बोलायची सोय नसायची, तेव्हा आम्ही दोघं पदराखाली असंच ठरवायचो. माहेरी कधी जायचं, सिनेमाला जायचं का, केतकीला बोर्डिंगात घालायचं का. तिच्या हाताला ताप नव्हता. बांगड्या होत्या.

मी अख्खा पंजा दाबला. म्हणजे सगळं मला पाहिजे. तिनं एकच बोट दाबलं. मी चार दाबली. तिनं एकच. मी तीनवर आलो, मग दोनवर, आणि दर खेपेला वाटायचं की आता ती थोडी वर येईल, धंद्यात येतात तशी. तिचं बोट तिथंच राहिलं, न हलता. मला तिच्याशी भाव करायचा नव्हताच. एवढ्या वर्षांनी हात हातात होता आणि मला तो लवकर सोडायचा नव्हता, एवढंच.

मग मी पण एकच बोट दाबलं. खुर्ची तिची झाली.

आत अंधार नसतो. इरकलातून उजेड येतो, आणि तिच्या श्वासाबरोबर आपण वरखाली होतो. तिनं मला कमरेला डाव्या बाजूला खोचलं होतं, नीट, दोन वेढे देऊन. माझ्या खिशातला दिनकर आणि त्याचा चष्मा आता तिच्या हातातल्या पिशवीत, गुरुजींच्या शेजारी, अक्षतांत होता. विमान टेकल्याचं मला हिसक्यानं कळलं.

बेटावर वारा होता. समुद्र अगदी जवळ आणि सूर्याचा खालचा काठ पाण्याच्या वर जेमतेम हातभर. ती जिना उतरली. मांडवातून केतकी पळत येत होती, पिवळ्या साडीत, कपाळाच्या मुंडावळ्या एका हातानं सावरत. अर्ध्यात ती थांबली. मग चालत आली आणि आईच्या तोंडावरून हात फिरवला, आखूड केसांवरून फिरवला.

"आई, मी निघाले होते गं. गाडीतच होते."

"म्हाईत हाय मला."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी दोघींच्या मधे होतो, चेंगरलो होतो, आणि तेव्हा मला जितकं बरं वाटलं तितकं कधी वाटलेलं नाही. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नवरीला आणा. मुहूर्त आला."

केतकीनं डोळे पुसले आणि आईच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "पप्पा कुठायत?"

"आलेत की," विजयमाला म्हणाली.

"कुठायत?"

विमानाचा आता जिना उरला होता आणि जिन्यावर दार. केतकी साडी वर धरून पायऱ्या चढली. वर पोहोचून तिनं दार ढकललं. पलीकडं समुद्र होता. ती चौकटीला धरून वाकली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"पप्पा," तिनं समुद्राकडं तोंड करून हाक मारली.

मी ओ दिली. विजयमालानं कमरेवर हात ठेवला. मी पुन्हा ओ दिली, तिच्या तळहाताखालून, जमेल तेवढ्या मोठ्यानं. मांडवातून पुन्हा हाका आल्या. केतकीनं मान हलवून नाही म्हटलं, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आमच्याकडं पाठ करून, वरच्या पायरीवर, माझी वाट बघत बसली.