आमिनाबीच्या मनगटाचा एक्स-रे

तुकडा पहिला

मी एक जुना एक्स-रे आहे. मित्रांनो, माझा जन्म अंबाजोगाईतल्या एका खाजगी दवाखान्यात झाला. माझ्यात आमिनाबीचं उजवं मनगट आहे. त्या सीताफळांचा गाडा लावत. एका मोटारसायकलनं त्यांना गाड्यासकट पाडलं. माझ्या कोपऱ्यात त्यांचं नाव आणि त्या दिवसाची तारीख छापली गेली.

डॉक्टरांनी मला खिडकीकडे धरलं. दुसऱ्या हातात फोन होता.

"मुका मार आहे. पट्टी बांधा."

माझ्यात, हाडावर, एक बारीक काळी रेघ होती.

तुकडा दुसरा

मी गादीखाली गेलो. मनगट वाकडंच जुळलं. आमिनाबीला तराजू उचलेना.

तुकडा तिसरा

दिवाळीत सूर्यग्रहण आलं. आमिनाबीचे नवरे जलालुद्दीन गॅरेजवाले. त्यांनी मला पत्र्याच्या कात्रीनं कापलं. सूर्य बघायला काळा भाग लागतो. हाडाचा पांढुरका भाग निरुपयोगी. म्हणून हाड गादीखाली परतलं आणि काळ्या कडा गल्लीत वाटल्या गेल्या. त्या संध्याकाळी सगळी गल्ली माझ्यातून वर बघत होती. (असं बघू नये. डोळे जातात.)

तुकडा चौथा

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे हाड मोडलेलं होतं, आधीचा एक्स-रे आणा. वकील सत्यशीलाबाईंनी ग्राहक आयोगात तक्रार लावली. पहिल्या डॉक्टरांचं उत्तर आलं: बाई नंतर पुन्हा पडल्या असतील, तेव्हा हाड मोडलं. आता सगळं त्या तारखेवर होतं.

"चाचा, तारखेचा कोपरा कुठंय?"

"ग्रहणात वाटला, म्याडम."

"वाटला?"

"लई काळा होता. मस्त दिसलं त्याच्यातून."

आमिनाबी म्हणाल्या, "आता तुमीच हिंडा दारोदार. लई आलते सूरज दाखवनारे!"

तुकडा पाचवा

(भिवराबाईंच्या चुलीत गेला.)

तुकडा सहावा

जलालुद्दीन घरोघर फिरले. शेवटी विमलबाईंच्या दारात उभे राहिले. त्यांच्या खिडकीच्या फुटक्या काचेवर मी चिकटवलेला होतो.

"कावून ठिवला व्हता, बाई?"

"भाभीचं नाव हाय त्याच्यावर, भाऊ. फेकवलं न्हाई."

नावाखाली तारीख होती.

सगळे तुकडे, एक सोडून

समोरचे वकील म्हणाले, हा कोपरा दुसऱ्याच एक्स-रेचा असेल. सत्यशीलाबाईंनी कडेला कड लावली. कात्रीनं हाताची फिकट सावली मधोमध कापली होती. ती दोन्हीकडून येऊन बरोबर जुळली.

मग आयोगानं मला तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मला दिव्याच्या पेटीवर लावलं. फोन बंद केला. चष्मा पुसला. बराच वेळ बघून लिहिलं: हाड पहिल्याच दिवशी मोडलेलं होतं.

निकाल अजून यायचा आहे. आमिनाबी डाव्या हातानं तराजू धरतात. गिऱ्हाइकं म्हणतात, "काटा हलतोय की, चाची."

मित्रांनो, दवाखान्याचा कागद असो की फिल्म, नाव-तारखेसकट जपून ठेवा. कापू नका. आणि तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, तर आम्हाला हातात घेताना फोन खाली ठेवा. तज्ज्ञांनी मला दहा मिनिटं बघितलं, पण ती दहा मिनिटं अडीच वर्षांनी आली. पहिल्या दिवशी मला दोन सेकंद मिळाले होते.