तिबिलिसीला गेलेला कडीचा डबा

मी एक कडीचा डबा बोलतोय. अंगानं स्टीलचा, गावानं पुण्याचा आणि कामानं... पण ते जरा दमानं सांगतो. एकदम सांगितलं तर म्हणाल, डब्याला शिंगं फुटली.

रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मला सलीमा तांबोळी यांनी पसंत केलं. झाकण लावून उलटा धरला, हलवला आणि दुकानदाराला विचारलं, "गळणार नाही ना?"

"पाणी भरून दाखवतो. पण मग घ्यावाच लागेल," दुकानदार म्हणाला.

बाईंनी पाणी न भरताच घेतला आणि तिथल्या तिथे माझ्यावर आपलं नाव घालून घेतलं. त्या यंत्राच्या टोचण्या अजून अंगाला आठवतात.

सलीमाबाई वारज्याला राहतात. शेजारपाजारच्या घरांत माझी सतत ये-जा असे, कधी बिर्याणी घेऊन, कधी शिरखुर्मा. पुण्यातल्या कुठल्याही घराची असते तीच रीत त्यांचीही होती. आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामा नको. त्यांचा मुलगा जावेद लहानपणापासून मला घेऊन या घरातून त्या घरात पळायचा, त्यामुळे ही रीत त्याच्या हाडीमाशी खिळली होती.

जावेद इंजिनिअर झाला आणि जॉर्जिया देशातल्या तिबिलिसी शहरात, एका बोटींच्या कंपनीच्या कचेरीत नोकरीला निघाला. सलीमाबाईंनी मला शंकरपाळ्यांनी भरून त्याच्या बॅगेत कोंबलं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मुलगा परदेशी चाललाय. त्याला तिकडे आपल्याच सरकारनं धाडलंय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या युद्धनौकांचे आराखडे कुणीतरी घरभेदी बाहेर विकत होता आणि ते या कंपनीमार्फत पुढे जात होते. त्या माणसाचं नाव शोधायचं, डोक्यात ठेवायचं आणि जिवंत परत यायचं, हे जावेदचं काम.

शहर मात्र असं होतं की पाहत राहावं. डोंगरावर जुना किल्ला, खाली मातकट पाण्याची नदी आणि दोहोंच्या मध्ये लाकडी नक्षीच्या सज्ज्यांची घरं एकमेकांना रेलून उभी. सज्ज्यांवर द्राक्षांचे वेल चढलेले. दुकानांच्या दारात अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या रसात बुडवून वाळत टाकलेल्या. मला आधी त्या मेणबत्त्याच वाटल्या. गल्लीत जमिनीत पुरलेल्या भट्टीतून होडीसारखा लांबट पाव निघायचा. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानांत नगरपालिकेचे बिल्ले असायचे आणि ती फुटपाथवर अशी ऐसपैस झोपायची की माणसंच वळसा घालून जात. आमच्या वारज्याच्या कुत्र्यांना हे कळलं तर मोर्चा काढतील.

आणि तिथे मंदाकिनीबाई होत्या. पुण्याहून डॉक्टरकी शिकायला गेलेल्या पोरांसाठी त्यांनी मेस काढली होती. पोरं त्यांना मावशी म्हणत. मावशींचं खरं काम वेगळं होतं. त्या शहरातल्या आपल्या सगळ्या हेरांची सूत्रं त्यांच्या हातात होती आणि जावेद त्यांचाच माणूस.

रोज दुपारी मेसमधून मी जेवण घेऊन जावेदच्या खोलीवर जायचो. मला नेणारी बाई तिथलीच, नाव नाना. नाना म्हटल्यावर मला वाटलं, कुणी काठी टेकत येणारे गृहस्थ असतील. आली ती दणकट, गुलाबी गालांची विधवा.

माझ्यातून कधी चिठ्ठीचपाटी गेली नाही. वरण, भात, पोळी, भाजी, बस्स. कंपनीच्या माणसांनी मला अनेकदा उघडून हुंगलं आणि हिंगाच्या वासानं नाक मुरडलं. परत येताना मात्र जावेद माझ्यात काहीतरी घालायचाच. मूठभर अक्रोड, एखादं पिकलं पर्सिमन, म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं तिथलं गोड फळ, कधी पावाचा तुकडा. ती खूण नव्हती, कुणी ठरवलेलं नव्हतं. सवय होती. अशी वर्षं सरली. हेरगिरी किती संथ असते, हे मला विचारा.

मग शरद ऋतूत एके दिवशी जावेदला ते नाव कळलं. त्याच दुपारी कंपनीची माणसं त्याच्या खोलीत येऊन बसली. मारलं नाही, ओरडली नाहीत. फक्त म्हणाली, "ती मेसवाली बाई तुला बाहेर कुठे भेटते?" त्यांना जावेद आणि मंदाकिनीबाई या दोघांना भेटताना एकत्र पकडायचं होतं.

जावेद म्हणाला, "गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामांजवळ. उद्या सकाळी."

मी टेबलावरच होतो. जावेदनं माझ्यात अक्रोड घातले होते. त्या माणसांनी ते बाहेर काढले, एकेक फोडून आत चिठ्ठी आहे का पाहिलं आणि काही सापडेना तेव्हा मला साबणानं घासूनपुसून लख्ख केलं, म्हणजे कुणाला संशय नको. दाराशी जावेदनं मला नानाच्या हातात दिलं आणि हसून म्हणाला, "मावशींना सांग, उद्या सकाळी हमामाजवळ भेटू." दाराआड माणूस उभा होता. मी आतल्या आत तडफडत होतो. एवढं मोठं तोंड देवानं दिलं, पण बोलायची सोय नाही!

मंदाकिनीबाईंनी माझी कडी काढली, आत पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

"आमोद, हा रिकामा आलाय," त्या म्हणाल्या.

आमोद त्यांचा मदतनीस, कोथरूडचा. "सो व्हॉट, मॅडम? विसरला असेल. हा काय एव्हिडन्स आहे?"

"तांबोळ्यांच्या घरातला मुलगा डबा रिकामा पाठवत नाही. हा त्याच्या हातून आला असेल, त्याच्या मर्जीनं आलेला नाही."

"मग उद्या जायचं नाही?"

"वा! जायचं नाही कसं? आपण त्याला बाहेर काढू शकत नाही. तेच काढतायत. नाना, तुझा भाऊ अजून हमामातच आहे ना?"

नानाचा भाऊ हमामात गिऱ्हाइकांचं अंग चोळायचा, हे जावेदला पक्कं ठाऊक होतं. बाई माझ्या झाकणावर हात ठेवून हसल्या. "पोरानं जागा बरोबर निवडलीय," म्हणाल्या.

सकाळी लवकरच नानाबरोबर मी पुन्हा जावेदकडे गेलो. पोटात दही आणि वर साखर. पहाऱ्यावरच्या माणसानं चमचा घालून ढवळलं, चाखलं आणि सोडलं. दही त्यांच्याकडेही रोज खातात, त्यात काय पाहायचं? पण जावेद पहिला चमचा तोंडाजवळ नेताच थबकला. परीक्षेला निघताना सलीमाबाई त्याच्या हातावर दहीसाखर ठेवायच्या. घरातून शुभकामाला बाहेर पडणाऱ्याला ती देतात. आज आपल्याला निघायचंय, हे त्याला कळलं. त्यानं सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि नाना मला घेऊन मेसवर परतली.

हमाम म्हणजे तिथली सार्वजनिक न्हाणीघरं, जमिनीलगत विटांचे घुमट, जणू परातीत उपडे घातलेले वाडगे. घुमटांच्या भोकांतून वाफ निघत होती आणि उकडलेल्या अंड्यांचा वास सगळीकडे भरला होता. समोरच्या दगडी कट्ट्यावर मंदाकिनीबाई हिरवी साडी नेसून, भर उन्हात, सगळ्या जगाला दिसतील अशा बसल्या. मांडीवर मी. माझ्यात थालीपीठ आणि लोणी.

जावेद आला. मागे जाडा कोट घातलेला माणूस आणि त्याचे सोबती. जावेदनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आपण आंघोळ करून बाहेर आल्याशिवाय मंदाकिनीबाई जवळ येत नाहीत. जावेद आत शिरला, तसा कोटवालाही निघाला. दारात नानाच्या भावानं त्याला अडवलं.

"आत जायचं तर कपडे काढून. रीत आहे."

कोटाखाली पिस्तूल होतं. चारचौघांत कोट काढणार कसा? तो दारातच घाम पुसत उभा राहिला आणि त्याचे बाकीचे सोबती मंदाकिनीबाईंवर डोळे रोखून बसले. बाई ताठ बसून तुकडा मोडत होत्या, लोणी लावत होत्या, चावत होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. थालीपीठ इतकं सावकाश खाल्लेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

शेवटी एकाचा धीर सुटला. जवळ येऊन इंग्रजीत त्यानं विचारलं, "आपण कुणाची वाट पाहताय?"

"जेवताना मी कुणाची वाट पाहत नाही," बाई म्हणाल्या. "आपण माझं ऊन अडवताय, जरा सरकता का?"

तेवढ्यात हमामामागच्या घळीपलीकडून गाडीचा भोंगा वाजला. आमोदचा. हमामाच्या मागच्या दारानं, ओल्या केसांनी, नानाच्या भावाचे कपडे घातलेला जावेद केव्हाच घळ ओलांडून गाडीत बसला होता. हे आमोदनं नंतर मेसमध्ये इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालंय. बाईंनी माझी कडी लावली आणि उठल्या. त्यांना अडवायला कुणाकडे काही कारणच नव्हतं. थालीपीठ खाणं हा कुठल्याच देशात गुन्हा नाही. जिंकलो होतो! मी आनंदानं खडखडलो असतो, पण शिस्त म्हणून गप्प राहिलो.

जावेद नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचला. त्यानं आणलेलं नाव योग्य जागी गेलं आणि तो घरभेदी पकडला गेला. टीव्हीवर बातमी आली तेव्हा जावेद भरल्या ताटावरून उठला आणि हात धुऊन आला, असं सलीमाबाई सांगत होत्या.

कुणाला सांगत होत्या? मंदाकिनीबाईंना. कारण मेस बंद करून त्या पुण्याला परतल्या आणि मला घेऊन थेट वारज्याला आल्या. आत नानानं भरून दिलेला खाऊ होता. सलीमाबाईंनी माझ्यावरचं नाव वाचलं, अंगावरून हात फिरवला.

"जावेदचा डबा तुमच्याकडे कसा, ताई?"

"मी तिथे मेस चालवायचे."

"नुसतं जेवण घालायचात?"

"हो. नुसतं जेवण."

आतल्या दारात जावेद मान खाली घालून उभा होता. सलीमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मंदाकिनीबाईंकडे. त्यांनी मंदाकिनीबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "माझा मुलगा तिकडे काय करत होता, ते मी विचारणार नाही. तुम्ही सांगणारही नाही. पण तो तुमच्यामुळे घरी आलाय, एवढं आईला कळतं. बसा. आजवर तुम्ही वाढलंत, आज मी वाढते."

हमामासमोर ज्यांचा चेहरा हलला नव्हता, त्या मंदाकिनीबाई पाटावर बसून डोळ्यांना पदर लावून रडल्या.

मी आता स्वयंपाकघरात पहिल्या फळीवर असतो. मला पदक नाही, सत्कार नाही, आणि मी तक्रारही करत नाही. तुमच्या फळीवरही माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला मोडीत घालण्याआधी जरा विचार करा. येतो मी. जावेद जेवायला बसलाय, भाकरी गरम आहे आणि आई म्हणतेय, "अजून एक घे."