वाळूच्या अलीकडे

युसेबिओची गळाची काठी कमानीसारखी वाकली तेव्हा मी शेजारच्या बादलीतले बांगडे मोजत होते. या धक्क्यावर कोण काय पकडतं याची नोंद ठेवणं हे माझं काम.

"दाजी, हॅलिबट!" त्याचा मेहुणा नाझारियो कठड्यावरून ओणवा होत ओरडला. "मासा कसला, दार आहे दार!"

खाली पाण्यात त्या चपट्या माशाची रुंद, तपकिरी पाठ उलटली. एवढा मोठा मासा मी इथे पाहिला नव्हता.

कठडा पाण्यापासून दोन मजले उंच. तेवढं वजन दोरीवर वर उचलणं शक्य नव्हतं, आणि खाली सोडायच्या जाळ्याची रस्सी सकाळीच तुटलेली.

"चालवत न्या किनाऱ्याकडे," नाझारियो म्हणाला. "वाळूत उतरा, लाटेबरोबर ओढून घ्या."

युसेबिओ निघाला. काठी कठड्याबाहेर धरून, दिव्याच्या प्रत्येक खांबाला बाहेरून वळसा देत. लोक बादल्या बाजूला सरकवून वाट करून देत होते. मीही मागोमाग गेले, आणि तेव्हा मला खाली वाळूत मासेमारी खात्याचा वॉर्डन दिसला. तो एका जोडप्याचं लायसन तपासत होता.

युसेबिओकडे लायसन नव्हतं. सार्वजनिक धक्क्यावर ते लागत नाही, म्हणून तर तो इथे यायचा. शिवाय गेल्या हिवाळ्यातल्या मारामारीनंतर तो न्यायाधीशांच्या मेहरबानीवर बाहेर होता. पुन्हा कसलाही गुन्हा नोंदला गेला की थेट आत. हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही मोजणीवाल्यांनी कुणाच्या मासेमारीत पडायचं नसतं. तो वाळूत उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी पोचला तरी मी गप्प होते. मग त्याने पाय उचलला.

"खाली उतरलात तर लायसन लागेल," मी म्हणाले.

"अहो बाई, मासा धक्क्यावरून लागलाय की!"

"मासा कुठून लागला ते विचारत नाहीत. तुम्ही कुठे उभे आहात ते बघतात. वाळूत पाय ठेवलात की धक्का संपला."

त्याने उचललेला पाय मागे घेतला. दोरी करकरत होती. हॅलिबट आता लाटेच्या फेसात, पंधरा पावलांवर.

"नाझारियो, तू उतर. तुझ्याकडे लायसन आहे ना?"

"माझ्याकडे? मी तुमचाच मेहुणा, दाजी!"

कुणी हसलं नाही. वॉर्डनने मान वर केली होती. तो आमच्या दिशेने चालू लागला.

"दोन उड्यांत होईल," नाझारियो कुजबुजला. "तो पोचायच्या आत."

युसेबिओने माशाकडे पाहिलं, मग वॉर्डनकडे. एका हाताने खिशातला चाकू काढून त्याने तो दातांनी उघडला आणि दोरी कापली.

काठी सटकन सरळ झाली. फेसात एक शेपूट आपटली, मग नुसतं पाणी.

वॉर्डन पायऱ्यांपाशी येऊन थांबला. आधी त्याने युसेबिओचे बूट पाहिले. कोरडे. वाळूचा कण नाही.

"का सोडलात?" त्याने विचारलं.

युसेबिओने चाकू मिटला.

"लहान होता, साहेब."

नाझारियोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वॉर्डन क्षणभर फेसाकडे बघत राहिला, मग परत वाळूत निघून गेला. युसेबिओ तिथेच पहिल्या पायरीवर बसला, पाय पोटाशी घेऊन, वाळूपासून दूर.