परळीचं मावंदं

"सूनबाई, आमचा आसाराम बोलून मोकळा होतो. मागून तू सांभाळून घे," सासरे वारण्याआधी भिवराबाईंना सांगून गेले होते.

त्यांनी सांभाळलंही. पोरांना उर्दूत घोकायला लावणं मनाला पटेना, म्हणून आसाराम मास्तरांनी तलवाड्याची सरकारी नोकरी सोडली, तेव्हा भिवराबाई तुळशीला पाणी घालत होत्या, घालतच राहिल्या. पुढं मास्तर मराठीसाठी झगडणाऱ्या परिषदेचे पुढारी झाले, गावोगाव मराठी शाळा मागत हिंडू लागले. आता उमापूरला सभा ठरली होती. निजामाच्या राज्यात सभेला परवाना लागे, आणि तो काही मिळेना.

त्या दिवशी मास्तर पोलीस अमीनाच्या कचेरीतून आले ते हसतच. मागं डोक्यावर सीताफळांची पाटी घेतलेला त्यांचा दोस्त खाजामियाँ.

"भाभी, तुमच्या मास्तरांनी अमीनसाहेबाला पार गार केलं! साहेब म्हणला, उमापुरात एवढी माणसं कावून गोळा करता? तर ह्ये म्हणतात, सभा कुठली हुजूर? आमची कारभारीण परळीची यात्रा करून आली, तिचं मावंदं हाय!"

यात्रेहून आल्यावर गावाला जेवू घालायचं, त्याला कोण अडवणार? साहेबानं पुनवेला जेवण घालायची मोकळीक दिली होती.

भिवराबाईंचा हात पिठातच थांबला. "मी कवा गेलते परळीला?"

"अगं, जायचं कशाला? जेवण खरं, माणसं खरी."

"आन् परळीच्या वैजनाथाला काय सांगायचं?"

मास्तर खाजामियाँच्या डोक्यावरची पाटी उतरवायला वळले.

"मी म्हणलंतं, भाभीला आधी इचारा," खाजामियाँ पुटपुटला. "आता माघार घेतली तर साहेब पुन्हा उमापुरात पाय ठिवू द्यायचा न्हाई."

शाळा भिवराबाईंनाही हवी होती. पण महादेवाला बेल वाहिल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. न केलेल्या यात्रेचं अन्न त्या हातानं पंगतीत कसं वाढायचं?

"सभा मोडू नका," त्या हळूच म्हणाल्या. "पुनवेला अवकाश हाय. मी तवर जाऊन येते."

"लई लांब हाय गं!"

"शेजारची छबुबाई येती सोबत. माझा शब्द हाय, मावंद्याला मी उमापुरात असंन."

"मग मीबी येतो."

"तुमी डाळ-गुळाचं बघा. आन् आता माझ्या नावानं आणखी कुठं काही बोलू नका!"

खाजामियाँ फिसकन हसला. मास्तरांनी खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्यांनी भाकरी फडक्यात बांधल्या. ओसरीवर मास्तर भाषण घोकत होते. त्यांना हाक न मारता भिवराबाईंनी छबुबाईला खूण केली आणि परळीकडं जाणारी माजलगावची वाट धरली.