हॉर्नच्या दिशेने

मिस्त्रीला सासऱ्यांची धास्ती होती, ती डोंगरावर जायच्या कितीतरी आधीपासून. सासरे तापट होते असं नाही. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. समोरच्याचं बोलणंसुद्धा तपासूनच आत घ्यायचा. मिस्त्री 'मी त्याला बोललो' म्हणाला की सासरे हळूच 'म्हणालो' म्हणायचे आणि पुढचं ऐकायला तयार व्हायचे. त्यामुळे लिफ्टच्या काळोख्या पोकळीत दोरांना लटकून काम करणारा हा गडी सासऱ्यांसमोर बसला की नुसती मान हलवायचा.

सासऱ्यांना नाद एकच. रविवारी सकाळी बस धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, डोंगरातली एखादी पायवाट चालायची आणि संध्याकाळच्या बसने घरी. बसने गाठता येणाऱ्या वाटांची एक पुस्तिका त्यांच्याजवळ होती. तिच्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांनी लाल पेनाने सुधारून ठेवल्या होत्या. सासूबाई गेल्यावर ते एकटेच जात. मग त्यांना मधुमेह निघाला आणि मुलीने फर्मान काढलं.

"बाबा आता एकटे जाणार नाहीत. तू जा सोबत," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? दिवसभर त्यांच्याशी बोलू काय?"

"बोलू नकोस. नुसतं लक्ष ठेव."

तर असा मिस्त्री सासऱ्यांच्या मागोमाग शेवटच्या थांब्यावर उतरला. बस वळवायला मोकळी जागा, एक पत्र्याची शेड, चहाची टपरी आणि टपरीमागून चढत गेलेली वाट. दगडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारलेले होते. एका पट्ट्यापासून दुसरा दिसेल अशा बेताने. ऊन छान होतं. सासरे काठी टेकत झपाझप पुढे आणि मिस्त्री मागे, जिना चढणाऱ्या माणसासारखा धापा टाकत. उंचीची त्याला भीती नव्हती. पण लिफ्टच्या पोकळीला चार भिंती असतात. इथे वारा कुठूनही यायचा.

माथ्यावरच्या गवताळ पठारावर पोचले आणि धुकं आलं. आधी पलीकडचा डोंगर गेला, मग विजेचे मनोरे गेले, मग पुढचा पिवळा पट्टा शोधावा लागायला लागला. सासरे हळू चालू लागले. मिस्त्रीला वाटलं, आपल्यासाठी थांबतायत. पण जवळ जाऊन पाहतो तर त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि गारठा तर असा की मिस्त्रीच्या नाकाचं टोक बधिर झालेलं.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"वाटी जरा... वाटी पुढे उतरते," सासरे म्हणाले.

त्यांना 'वाट' म्हणायचं होतं. आयुष्यात दुसऱ्याची चूक न सोडलेला माणूस 'वाटी' म्हणाला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मिस्त्री घाबरला तो त्या एका शब्दाने.

"सकाळी खाऊन निघालात ना?"

"गोळी घेतली. खात बसलो असतो तर बस..." हाताने त्यांनी बस गेल्याची खूण केली. उपाशीपोटी गोळी घेऊन साखर उतरली होती.

दोन वाटा फुटत होत्या तिथे एक लाकडी खांब होता. त्याला टेकवून मिस्त्रीने त्यांना बसवलं. खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या एकामागून एक त्यांच्या तोंडात घातल्या, पिशवीतली बिस्किटं बळेबळे चारली. फोन काढला, रेंज नाही. खांबाभोवती फिरून पाहिलं, हात उंच करून पाहिलं, काही नाही. उठवायला गेला तर सासऱ्यांचे पाय कणकेसारखे मुडपले. ते अंगाने भारी. पाठीवर घेऊन त्या निसरड्या उतरणीने जायचं म्हणजे दोघंही गेलो, हे त्याला कळत होतं. थांबावं तर इथे कोण येणार? संध्याकाळची बस गेली की खाली चिटपाखरूही उरणार नव्हतं.

"बाबा, मी खाली जाऊन मदत आणतो. जागचे हलू नका."

"हलायला पाय कुठायत?" सासरे म्हणाले. हा थोडा नेहमीचा आवाज होता. मिस्त्रीने आपलं कामावरचं भगवं जाकीट खांबाला बांधलं, मफलर त्यांच्या गळ्यात गुंडाळला आणि निघाला.

निघाला म्हणजे पळत सुटला. प्रत्येक पट्ट्यापाशी थांबायचं, धुक्यात डोळे फाडून पुढचा शोधायचा, सापडला की पळायचं. दोनदा आपटला. आणि सगळा वेळ डोक्यात बायकोचा आवाज, शांत, नुसतं विचारणारा: 'बाबांना सोडून आलास?'

बस शेडपाशी उभी होती. ड्रायव्हर टपरीच्या बाकावर चहा पीत होता. मिस्त्रीला आधी बोलताच येईना. टपरीवाल्या बाईने पाणी दिलं, मग सगळं एका दमात बाहेर पडलं.

बाई उठली, आत जाऊन फोन लावला. "रुग्णवाहिका निघतेय, पण धुक्यात घाट चढायला वेळ लागेल म्हणतात," ती म्हणाली. तिने एक घोंगडी, बॅटरी आणि साखर घातलेल्या दुधाचा थर्मास त्याच्या हातात कोंबला.

"मी बस सोडत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मी हॉर्न वाजवत राहतो. वाट हरवली तर आवाजाच्या दिशेने या."

"पण सरळ उतरू नका हो," बाई मध्येच म्हणाली. "माथा आणि आपण, यांच्यामध्ये दगडाची जुनी खाण आहे. पाण्याने भरलेली. वाट तिला वळसा घालून जाते, म्हणून तर पट्टे मारलेत."

मिस्त्री पुन्हा चढू लागला. मागून हॉर्न वाजला. लांबलचक, घोगरा, सगळं खोरं भरून टाकणारा. त्याला केवढा धीर आला! पाठीवर कुणी हात ठेवावा तसं वाटलं. थोड्या थोड्या वेळाने तो वाजत होता आणि मिस्त्री पट्टा-पट्टा करत वर सरकत होता. धुक्यातून भगवं जाकीट दिसलं तेव्हा त्याने तिथूनच हाक मारली, "बाबा! आलो!"

खांब होता. जाकीट होतं. बिस्किटांचा कागद घडी करून दगडाखाली नीट ठेवलेला होता. सासरे नव्हते.

खांबाला धरून तो उभा राहिला. "बाबा!" म्हणून ओरडला, तर आवाज धुक्यात कापसात बुडावा तसा बुडाला. सासऱ्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, हेही त्याला आत्ताच आठवायचं होतं! गोळ्यांनी तरतरी आली असेल, उठले असतील, पण गेले कुठे? वाटेने खाली आले असते तर आपल्याला भेटले असते. मग?

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. आणि मिस्त्रीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

म्हाताऱ्याने हे ऐकलं होतं. बस बोलावतेय, जावई बोलावतोय, असं समजून ते आवाजाकडे निघाले होते. सरळ. खाणीकडे.

मिस्त्रीने पिवळा पट्टा सोडला आणि उतारावर धाव घेतली. गवत ओलं होतं, पाय ठरत नव्हता. पुन्हा हॉर्न. ज्या आवाजाने मघाशी धीर दिला होता तोच आता काळजात सुरीसारखा शिरत होता. एकेका हॉर्नबरोबर म्हातारा पुढे सरकत असणार. 'बंद करा! अरे, बंद करा तो!' तो मोठ्याने ओरडला, पण ड्रायव्हरला ऐकू जायला तो काही पलीकडच्या खोलीत नव्हता. बिचारा इमानाने वाजवत होता.

गवतात काठी पडलेली दिसली. तिच्यापुढे गवत लांबवर चेपलेलं, कुणी बसून घसरत गेल्यासारखं. मिस्त्रीही खाली बसला आणि हाताने चाचपडत सरकू लागला. तारेचं कुंपण लागलं. दोन खांबांच्या मध्ये तार तुटून लोळत होती. आणि तिच्या पलीकडून एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग, खूप खालून, डुबुक.

तो हलूच शकला नाही. दगड होता की... एवढा जड आवाज नव्हता, नव्हता ना? तेवढ्यात कुणीतरी खोकलं. अगदी जवळ.

बॅटरीच्या उजेडात आधी मफलर दिसला. सासरे कुंपणाच्या पलीकडे, उताराच्या शेवटच्या पट्टीवर बसले होते आणि पुढची पायरी शोधावी तसा एक पाय धुक्यात खाली सोडून चाचपत होते.

"थांब!" मिस्त्री किंचाळला. "हलू नकोस! पाय वर घे! वर घे म्हणतो ना!"

पाय तिथेच थांबला. "कोण आहे?"

"मी आहे! पुढे खाली काही नाही. खाण आहे. मागे टेक. टेक मागे!"

सासरे मागे टेकले. तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं असावं, कारण त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा बारीक आवाज निघाला. मिस्त्री पालथा पडला, एक पाय कुंपणाच्या खांबाला अडकवला आणि सरकत सरकत त्यांच्या सदऱ्याची कॉलर, मग काखेखाली हात, असं जे मिळेल ते धरलं. खांब करकरला. कामावर तो कमरेला पट्टा बांधल्याशिवाय पाऊल टाकत नसे, आणि इथे सगळा भरवसा एका कुजक्या खांबावर.

"टाचा रोवा आणि मागे रेटा. हळू. मी सोडत नाही."

"तुम्हीपण पडाल," सासरे म्हणाले.

"पडलो तर पडलो. रेटा!"

किती वेळ गेला कोण जाणे. वीतवीत करत ते मागे आले आणि तार ओलांडल्यावर दोघंही गवतात आडवे झाले. मिस्त्री हुंदके देऊन रडू लागला. त्याला ते थांबवताच येईना. दूध पाजायला थर्मास उघडला तर अर्धं दूध त्याच्याच मांडीवर सांडलं. उरलेलं सासरे दोन्ही हातांनी कप धरून प्यायले.

"मला वाटलं, तुम्ही बोलावताय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला एकवचनात हाक मारलीत."

"चुकलो बाबा."

"नाही. बहुवचनात मारली असतीत तर जावई आले म्हणून मी आधी वळून बघितलं असतं. वळलो असतो तर तोल गेला असता."

आणि हॉर्न थांबला. आता ती शांतता वेगळीच भिववू लागली. कुठे खाली आणि कुठे वर, काही कळेना. पण कुंपण होतं. खाणीला वळसा घालून कुंपण गेलं होतं आणि वाटही. मिस्त्रीने एका हाताने तार धरली, दुसऱ्याने सासऱ्यांचा दंड, दोघं एकाच घोंगडीत, आणि तारेला न सोडता ते चालत राहिले. तळहात सोलून निघाला तरी त्याने तार सोडली नाही. शेवटी दगडावर पिवळा पट्टा दिसला, आणि त्याच्या खाली थोड्या अंतरावर हलणारा उजेड. टपरीवाली बाई कंदील घेऊन वर येत होती. तिला पाहिलं मात्र, मिस्त्री वाटेवरच बसला.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरबाईंनी सासऱ्यांचं बोट टोचून साखर पाहिली, सलाइन लावलं आणि दोघांनाही दवाखान्यात नेलं. निघताना ड्रायव्हर खिडकीशी आला. काय घडलं ते ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बसची बॅटरी उतरायला लागली म्हणून थांबलो," तो म्हणाला. "नाहीतर वाजवतच होतो." मिस्त्रीने त्याचा हात हातात घेतला. त्याचा काय दोष होता?

घरी मिस्त्रीने बायकोला सगळं सांगितलं, त्यांना एकटं सोडलं तेही. ती ऐकत राहिली, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आली ती गरम पाण्याचं घमेलं घेऊन. वडिलांचे पाय तिने पाण्यात ठेवले आणि नवऱ्याचा सोललेला तळहात धुतला.

पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सासरे बूट घालून दारात उभे. सदऱ्याच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या डोकावत होत्या.

"नदीकाठची वाट आहे," ते म्हणाले. "सपाट. भरपेट खाऊन आलोय. तुम्हाला यायचं नसेल तर..."

मिस्त्रीने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "धुकं?"

"हवामानाचा अंदाज दोनदा वाचला."

मिस्त्रीने बूट चढवले. दिवसभर लख्ख ऊन होतं, नदी गुडघाभर होती आणि वाट खोलीतल्या फरशीसारखी सपाट. तरी पहिल्या पुलापासून शेवटच्या थांब्यापर्यंत मिस्त्रीने सासऱ्यांची बाही हातातून सोडली नाही. सासऱ्यांनीही ती सोडवून घेतली नाही.