खुंटांची लेबलं

भाईदासनानांनी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली आणि अंगावर साधा ओरखडा न घेता ते निवृत्त झाले. ती एकतीस वर्षं त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, कान टवकारून काढली होती. दुपारी कुठे जरा मोठा आवाज झाला की हातातलं लाटणं तसंच धरून त्या दारात येत. त्यामुळे निवृत्तीनंतर नानांनी गच्चीवर कॅक्टस लावायला घेतले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. फार तर काटा रुतेल, त्याहून काय होणार?

दोन वर्षांत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. गोल, लांबुळके, केसाळ, सुजलेल्या पानांचे, दगडासारखे दिसणारे, सगळ्यांची नावं नानांना पाठ होती. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं डावा डोळा गेला होता, तरी उजवा डोळा नाक टेकेल इतका जवळ नेऊन ते कलमं करायचे. खाली खुंट, वर रंगीत गोळा. खुंट दोन तऱ्हेचे. एक ड्रॅगनफ्रूटचा, तो कॅक्टस, कापला की पाणी येतं. दुसरा थोराचा, कापला की पांढरा चीक. पाण्याच्या झाडावर पाण्याचंच झाड जगतं, चिकाच्या झाडावर चिकाचंच, हे सुमनबाईंनी शंभरदा ऐकलं होतं, पण एका कानाने. दोन्ही खुंट लहानपणी हिरवे, तीन धारांचे आणि काटेरी. कॅक्टसचे काटे कापसासारख्या टिपक्यातून झुबक्याने निघतात आणि थोराचे जोडीजोडीने, हेही नानांनी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

दह्याच्या डब्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येक खुंटाला लेबल असे. फॅक्टरीत पेटीवर चुकीचं लेबल म्हणजे चूक नव्हे, गुन्हा, असं नाना म्हणत, आणि घरातही कायदा तोच चालवत. हळदीच्या बरणीत एकदा धणेपूड निघाली तर दोन दिवस बोलले नव्हते.

वैशाखात नाना एका लग्नाला धुळ्याला गेले आणि त्याच दुपारी वावटळ आली. सुमनबाईंनी ट्रे पत्र्याखाली ओढले. लेबलं मात्र उडून कठड्याच्या कोपऱ्यात गोळा झाली होती. कुठलं कुठलं, हे कोण सांगणार? त्यांनी अर्धी इकडे, अर्धी तिकडे, अंदाजाने खोचून टाकली. नाना परतल्यावर सांगू म्हणाल्या, आणि सांगितलं नाही. बोलणी कोण खाणार?

चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवरून हाक आली.

"सुमन, पानी आन. डोया जयस मना."

नाना खुर्चीत वाकून बसले होते, तळहात उजव्या डोळ्यावर. घाम पुसला, तेवढंच ते म्हणाले. सुमनबाईंनी त्यांना नळाखाली नेऊन डोळा धुतला. मागे वळल्या तर ब्लेडवर पांढरं वाळत होतं. कापलेल्या खुंटाच्या डोक्यावरही पांढरा थेंब होता. लेबल म्हणत होतं ड्रॅगन.

भुसावळपर्यंत रिक्षात त्या देवाचं नाव घेत होत्या, पण मनात दुसरंच चाललं होतं. एकच डोळा शिल्लक होता आणि तो आपण घालवला.

डॉक्टर मेघा तरुण होती, शांत होती. तिने पापणी उचलून बॅटरी मारली.

"काका, झाड कोणतं होतं? चीक होता का त्याला?"

"कॅक्टस," नाना म्हणाले. "ड्रॅगनचा खुंट. त्यात पाणी रहास."

"नक्की? चीक असेल तर मला बराच वेळ डोळा धुवावा लागेल. आज बरं वाटलं तरी उद्या बुबुळावर जखम होऊ शकते. साधं पाणी असेल तर थेंब देते, घरी जा."

"नक्की," नाना म्हणाले. "लेबल शे त्याले."

डॉक्टर कागदावर थेंबांचं नाव लिहू लागली. सुमनबाईंना वाटलं, आता बोललं नाही तर तो कागद हातात येईल, आपण बाहेर पडू आणि मग आयुष्यभर या माणसाचा हात धरून त्याला संडासात नेत राहू. भीती त्या कागदाचीही होती आणि नानांचीही. कुठली मोठी, हे ठरवायला वेळ नव्हता.

"मॅडम, ते ड्रॅगन नव्हतं," त्या म्हणाल्या. "चीक होता. मी बघितला. लेबलं वादळात उडाली होती, मी चुकीची लावली. यांना सांगितलं नाही."

नानांनी मान वळवली नाही. डॉक्टरने पेन ठेवलं आणि सलाईनच्या बाटल्या मागवल्या. अर्धा तास धार चालली. उशी, सदरा, गादी सगळं भिजलं. सुमनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आता ओरडतील, आता ओरडतील म्हणून वाट पाहत होत्या.

पट्टी बांधून झाल्यावर खोलीत दोघंच उरले.

"चीक माले बी दिसना व्हता," नाना हळू म्हणाले.

"मंग सांगं का नही?"

"माले वाटनं, लेबल लिखामा मीच चुकनू. लगनमा दादानी माले इचारं, तुम्हीन कोनता गावना? सख्खा भाऊ, सुमन. मी म्हनं, आते मनी बी पाळी."

सुमनबाईंचा हा करडा माणूस डोळा द्यायला तयार झाला होता, पण डोकं गेलं असं डॉक्टरसमोर कबूल करायला तयार नव्हता. त्यांना राग आला आणि त्याच वेळी नानांना जवळ घ्यावंसंही वाटलं.

"लेबलं तूच लावात ना?" नानांनी विचारलं.

"हा. मीच."

"खरं सांग."

"खरं. मीच लावात."

नाना हसले. दुपारपर्यंत त्यांनी चारदा विचारलं आणि सुमनबाईंनी चारदा सांगितलं. प्रत्येक वेळी नानांचा चेहरा सैल व्हायचा. इतक्या आनंदाने आपल्या चुकीची कबुली सुमनबाईंनी जन्मात दिली नव्हती.

दुसरा दिवस वाईट गेला. डोळा सुजला, बुबुळावर धुकं आलं आणि नानांना खिडकीसुद्धा दिसेना. सुमनबाई दर दोन तासांनी थेंब घालत आणि बोटं धरून विचारत, किती? नाना अंदाजाने सांगत आणि चुकत. तिसऱ्या दिवशी दोन बोटं बरोबर आली. सहाव्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचली. डॉक्टर म्हणाली, वेळेवर धुतला म्हणून वाचला. सुमनबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून मनसोक्त रडल्या.

आठव्या दिवशी नाना गॉगल लावून गच्चीवर आले. सुमनबाई चहाचा कप घेऊन मागे होत्या. नानांनी खुंटांचा ट्रे उन्हात ओढला, एक कुंडी उचलली, डोळ्यापाशी नेली आणि नखाने काटे चाचपले. जोडीजोडीने होते. मग लेबल वाचलं. कपाळाला आठी पडली. दुसरी कुंडी उचलली, तिसरी उचलली.

ते वळले. चेहरा रागाने लाल झाला होता.

"सुमन, या लेबलं कोनी बदलात?"

त्या हसायला गेल्या. थट्टा करताहेत, असं त्यांना वाटलं. पण नाना उत्तराची वाट पाहत होते, अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखे. वाचलेला उजवा डोळा सुमनबाईंवर रोखलेला होता, स्वच्छ. त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

"मी," त्या म्हणाल्या. "तुमी धुळाले गयथात ना, तव्हय वावटय उनी."

"मंग माले सांगाले नको?"

"चुकनं मनं," सुमनबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसून एकेक लेबल काढू लागल्या.